तळघरातील गाळणी

वसईच्या कौलारू घरात वाढलेल्या माणसाला हवेविषयी विचार करण्याचे सहसा कारण पडत नाही. कौलांच्या फटींतून, ओटीच्या जाळीतून, मागच्या दारातून ती येते आणि जाते. टोरांटोजवळच्या मिसिसागा येथील आमच्या घराची गोष्ट निराळी आहे. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत येथे खिडक्या बंद असतात. काचा दुहेरी, भिंतींत कापसासारखे उष्णतारोधक भरलेले, दारांच्या कडांना रबराच्या पट्ट्या. बाहेर उणे २० अंश तापमान असले तरी आत २१ अंश राहावे, म्हणून ही सारी बांधणी. घरातील माणसे त्या सहा महिन्यांत जो श्वास घेतात, तो बहुतांशी त्याच त्या हवेचा असतो.

ही हवा तळघरातील एका पत्र्याच्या कपाटातून दिवसभर फिरत राहते. त्या कपाटाला येथे फर्नेस म्हणतात. आत नैसर्गिक वायू जळतो. त्याचा धूर स्वतंत्र नळीने घराबाहेर जातो आणि त्याची ऊब तेवढी एका धातूच्या भिंतीपलीकडून घरातल्या हवेला मिळते. एक मोठा पंखा प्रत्येक खोलीतील थंड हवा पत्र्याच्या नळ्यांतून खाली ओढून घेतो आणि तापवून पुन्हा वर धाडतो. उन्हाळ्यात त्याच पंख्याने, त्याच नळ्यांतून, फर्नेसच्या डोक्यावर बसविलेल्या गार कॉइलवरून हवा फिरविली जाते. जेथे खोल्यांतून आलेली हवा कपाटात शिरते, तेथे एक अरुंद खाच असते आणि त्या खाचेत पुठ्ठ्याच्या चौकटीत बसविलेली गाळणी सरकवलेली असते. आमचा हा लेख त्या गाळणीविषयी आहे. विषय क्षुल्लक वाटेल. आम्हालाही अनेक वर्षे तो क्षुल्लकच वाटत होता.

मुळात ही गाळणी माणसांसाठी नव्हतीच. ती यंत्रासाठी होती. पंख्याच्या पात्यांवर आणि कॉइलच्या बारीक पट्ट्यांवर धुळीचे थर बसू नयेत, एवढाच तिचा हेतू. सर्वांत स्वस्त गाळणी काचतंतूंची असते; तिच्यातून पलीकडचा दिवा दिसतो. केस, लोकरीचे पुंजके, मोठी धूळ ती अडविते. यंत्राला तेवढे पुरते. माणसाच्या फुप्फुसाला पुरत नाही, कारण फुप्फुसात खोलवर जाणारे कण डोळ्यांना दिसतच नाहीत. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा धरला, तर चिंतेचे कण अडीच मायक्रॉन आणि त्याहून लहान असतात.

२०२२ च्या शरद ऋतूत आमची आई आमच्याकडे राहावयास आली. वडील गेल्यानंतर वाडीतल्या घरात ती एकटी होती. थोरले बंधू शेजारीच राहतात, तरी रात्री ते मोठे घर तिला खायला उठे. आईवडिलांना येथे दीर्घकाळ राहता यावे म्हणून कॅनडा सरकार जो सुपर व्हिसा देते, त्याने त्या वर्षापासून सलग पाच वर्षे राहण्याची मुभा मिळू लागली होती. तिचा दमा जुना. गावी तो पावसाळ्याच्या तोंडावर आणि मे महिन्यात मसाला भाजण्याच्या दिवसांत उचल खाई. एरव्ही तिला त्याची आठवणही नसे. येथे तो डिसेंबरात सुरू झाला आणि थांबेना. पहाटे तीनच्या सुमारास ती पलंगावर उठून बसे, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. आम्ही जागे आहोत हे तिला कळू नये म्हणून ती खोकला दाबून धरी, आणि आम्ही जागे आहोत हे तिला कळू नये म्हणून आम्हीही अंधारात पडून राहत असू. जानेवारीत बंधूंनी दूरध्वनीवर स्पष्टच विचारले, "तिला परत का पाठवत नाही?" त्यांचे चूक नव्हते. पण परत म्हणजे कोठे, तर त्याच रिकाम्या घरात.

डॉक्टरांनी औषधे वाढविली, तोंडात फवारा घेण्याची तिची पद्धत सुधारली आणि मग एक प्रश्न विचारला ज्याची आम्हाला अपेक्षा नव्हती: तुमच्या फर्नेसला कोणती गाळणी आहे? खाली जाऊन पाहिले. कडेवर ८ हा आकडा होता.

त्या आकड्याचा अर्थ सांगितला पाहिजे. अमेरिकेत ॲशरे नावाची तापन आणि शीतन क्षेत्रातील अभियंत्यांची संस्था आहे. तिने १९९९ साली गाळण्यांची परीक्षा घेण्याचे एक मानक प्रसिद्ध केले आणि त्यातून मर्व्ह नावाची श्रेणी रूढ झाली. परीक्षेत कणांचे आकारानुसार तीन गट करतात. ०.३ ते १ मायक्रॉन हा पहिला, १ ते ३ हा दुसरा आणि ३ ते १० हा तिसरा. मर्व्ह ८ ची गाळणी तिसऱ्या गटातले, म्हणजे जाडसर कणांतले, निदान ७० टक्के अडविते. पहिल्या गटाविषयी ती काहीच हमी देत नाही. मर्व्ह ११ ने दुसऱ्या गटातले निदान ६५ टक्के आणि पहिल्यातले २० टक्के अडवावेत अशी अट आहे. मर्व्ह १३ ला पहिल्या गटातले निम्मे, दुसऱ्यातले ८५ आणि तिसऱ्यातले ९० टक्के पकडावे लागतात. धूर, तळणाचा धूसर वाफारा आणि खोकल्यातून उडालेल्या सूक्ष्म थेंबांचा बराच भाग पहिल्या दोन गटांत मोडतो. म्हणूनच २०२० साली कोविडच्या काळात त्याच संस्थेने इमारतींसाठी मर्व्ह १३ किंवा त्याहून वरच्या गाळणीची शिफारस केली आणि हा आकडा सामान्य घरांतल्या बोलण्यात आला.

निम्मे कण म्हणजे अगदीच थोडे, असे वाचकांस वाटेल. पण ही एका फेरीतली गोष्ट आहे. बंद घरातील हवा गाळणीतून पुनःपुन्हा जाते. पहिल्या फेरीत निसटलेल्या कणांतले निम्मे दुसऱ्या फेरीत सापडतात. अर्थात, पंखा चालू असेल तरच. थर्मोस्टॅटवर पंख्याची कळ नेहमीच्या जागी असली, तर घर उबदार होताच पंखा थांबतो आणि त्याबरोबर गाळणेही थांबते. मध्यम थंडीच्या दिवसांत तो तासातून दहापंधरा मिनिटेच चालतो. उत्तम गाळणी बसवून पंखा बंद ठेवणे म्हणजे मच्छरदाणी आणून ती घडी करून उशाशी ठेवणे होय.

दुकानात गेलो तेव्हा भिंतभर गाळण्या होत्या. एकीवर मर्व्हचा आकडा, दुसरीवर ३एम कंपनीच्या स्वतःच्या श्रेणीचा हजारांतला आकडा, तिसरीवर होम डेपो या दुकानसाखळीची १ ते १० ची श्रेणी. एकाच गुणाच्या मालाला तीन भाषांतली तीन नावे. आकारांचाही तोच प्रकार. कडेवर १६ बाय २५ बाय १ इंच असे छापलेले असते. प्रत्यक्ष मोजल्यास प्रत्येक बाजू थोडी कमी भरते, कारण छापील आकार खाचेचा असतो. चित्रे मात्र सर्वांवर सारखीच: हसरे बाळ, पांढरे मांजर, उघडी खिडकी. उघड्या खिडकीचे चित्र पाहून आई हसली. तिचे म्हणणे पहिल्यापासून तेच होते, "खिडकी उघडा ना जरा."

तिचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. गाळणी कण अडविते. वायू अडवीत नाही. कोंदटपणा, वास, स्वयंपाकातून निघणारे वायू, माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड हे सारे तिच्यातून सुखाने पार होते. त्यांना उपाय बाहेरच्या ताज्या हवेचाच. नव्या घरांत आत येणारी थंड हवा बाहेर जाणाऱ्या उबदार हवेच्या उष्णतेवर तापवून घेणारे यंत्र असते. आमचे घर जुने. त्यात ते नाही. आणि गाळणी कार्बन मोनॉक्साइडही पकडत नाही, हे येथे वायूवर चालणारी फर्नेस बाळगणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. त्यासाठी झोपण्याच्या खोल्यांजवळ वेगळा इशारा देणारा यंत्रसंच लागतो. ऑन्टारिओत तो कायद्यानेच सक्तीचा आहे.

साहजिकच आम्हाला सर्वांत मोठ्या आकड्याची, एक इंच जाडीची मर्व्ह १३ ची गाळणी घ्यावीशी वाटत होती. आईच्या श्वासाचा प्रश्न असताना काटकसर कसली? खरेदीपूर्वी फर्नेसच्या वार्षिक तपासणीसाठी येणाऱ्या वयस्कर पोर्तुगीज कारागिरांना विचारले. ते म्हणाले, आधी तुमच्या यंत्राचा दम मोजू. हा शब्द आमचा, पण अर्थ त्यांचा. त्यांनी नळीला दोन बारीक भोके पाडून दाबमापक लावला. पंख्याला हवा ओढताना आणि ढकलताना जो अडथळा सोसावा लागतो, तो येथे पाण्याच्या इंचांत मोजतात. यंत्राच्या पाटीवर ०.५ इंचाची मर्यादा लिहिलेली होती. आमच्या जुन्या मर्व्ह ८ च्या गाळणीसह माप ०.५४ भरले. त्यांनी गाडीतून एक इंची मर्व्ह १३ आणून लावून दाखविली, काटा ०.६८ वर गेला.

नारळाचा रस गाळणाऱ्या कोणालाही हे समजेल. जाळीच्या चाळणीतून रस झरझर उतरतो, पण चोथाही उतरतो. तोच रस दुमडलेल्या पंचातून गाळला तर स्वच्छ येतो, पण मनगटे भरून येतात. पंख्याची मनगटे भरून आली की हवा कमी वाहते. हिवाळ्यात आतली धातूची भिंत वाजवीपेक्षा तापते आणि सुरक्षेची कळ पडून ज्योत विझते. उन्हाळ्यात गार कॉइलवर बर्फ धरते. नव्या तऱ्हेच्या मोटरी हार न मानता अधिक जोराने फिरतात, तेव्हा भुर्दंड विजेच्या बिलात दिसतो. शिवाय हवा कमी फिरली की गाळणेही कमीच होते. मग मोठ्या आकड्याचा लाभ तो काय? आणि चौकट खाचेत सैल असेल, तर अडलेली हवा कडेच्या फटीतून न गाळताच निसटते. आमच्या खाचेत बोट जाईल एवढी फट होती.

येथे आमच्यासमोर तीन वाटा होत्या. मर्व्ह ११ ची एक इंची गाळणी घेऊन मधला मार्ग पत्करावा. किंवा फर्नेस आहे तशी ठेवून आईच्या खोलीत हेपा गाळणीचे सुटे यंत्र ठेवावे. हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडविते, पण ती घरगुती फर्नेसला बसत नाही. पंख्याला तेवढा जोर नसतो. तिसरी वाट खर्चाची: पत्रा कापून चार इंच जाडीच्या गाळणीसाठी नवी पेटी बसवून घ्यावी. जाड गाळणीत कागदाच्या घड्या खोल असतात. त्या उलगडल्या तर एक इंची गाळणीच्या कितीतरी पट कागद निघतो. तेवढीच हवा अधिक पृष्ठभागावर वाटली गेली म्हणजे प्रत्येक ठिकाणचा अडथळा घटतो. पंचा तोच, पण तोंड रुंद पातेल्यावर बांधलेला.

दुसरी वाट स्वस्त होती आणि तीत काही उणेही नव्हते. परंतु तिच्यात आईने दिवसरात्र आपल्या खोलीत, दार लावून बसावे अशी अट होती. ती आमच्याकडे आली होती ती रिकाम्या खोलीला कंटाळून. आम्ही तिसरी वाट धरली. मार्च २०२३ मध्ये पेटी बसली. सांधे चिकटपट्टीने बंद झाले, आत मर्व्ह १३ ची चार इंची गाळणी गेली आणि दाबमापकाने ०.४९ दाखविले. कारागीर कधी नव्हे ते हसले. चौकटीवरचा बाण पंख्याकडे असला पाहिजे, हे त्यांनी आम्हाला नव्हे, आईला दाखवून ठेवले.

स्वयंपाकघराचा प्रश्न वेगळा होता आणि तो अधिक नाजूक होता. सुके बोंबील भाजले की त्यांचा वास तळघरातून फिरून दहा मिनिटांत वरच्या मजल्यावरील कपड्यांच्या कपाटात पोहोचे. नातवंडे शाळेत जाताना कोटाच्या बाह्या हुंगून पाहत. ती काही बोलली नाहीत, पण आईच्या ध्यानात आले आणि तिने भाजणे, तळणे, लसणीची फोडणी सारेच हळूहळू बंद केले. दम्यालाही ते बरे, असे म्हणू लागली. आम्हाला ते बरे वाटले नाही. शेगडीवर जे धुराडे होते ते हवा ओढून, तेलकटपणा थोडा अडवून, तीच हवा पुन्हा घरात सोडणारे होते. अशी धुराडी येथे पुष्कळ घरांत असतात आणि ती जवळजवळ शोभेचीच असतात. ते काढून भिंतीला भोक पाडून थेट बाहेर हवा टाकणारे बसविले. धूर जेथे निघतो तेथेच तो घराबाहेर घालवावा; घरभर पसरल्यावर तळघरातल्या गाळणीने त्याच्या मागे धावावे, हे उलटे काम आहे. ईस्टरच्या दिवशी पुन्हा मासे तळले गेले.

त्याच वर्षी जूनमध्ये परीक्षा आली. २०२३ साली कॅनडात वणव्यांनी सुमारे दीड कोटी हेक्टर वनभूमी जाळली. इतके मोठे वणवे या देशात पूर्वी नोंदलेले नाहीत. क्वेबेक आणि ऑन्टारिओच्या रानांतील धूर शेकडो मैल दक्षिणेकडे उतरला. ७ जूनला न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी झाले. महिनाअखेरीस टोरांटोचे नाव जगातील सर्वांत दूषित हवेच्या शहरांत झळकले. सूर्य तांब्याच्या नाण्यासारखा दिसे. आयुष्यभर खिडक्या उघडा म्हणणाऱ्या आईने त्या दिवशी स्वतः घरभर फिरून खिडक्यांच्या खिट्ट्या तपासल्या.

पंखा आम्ही रात्रंदिवस चालू ठेवला. त्याशिवाय तिच्या खोलीसाठी एक खोके केले. २०२० साली रिचर्ड कोर्सी हे अमेरिकन प्राध्यापक आणि जिम रोझेन्थॉल हे गाळण्या बनविणारे व्यावसायिक यांनी मिळून ही युक्ती पुढे आणली: मर्व्ह १३ च्या चार गाळण्यांच्या चार भिंती करावयाच्या, तळाला पुठ्ठा, वर चौकोनी पंखा, आणि सांधे चिकटपट्टीने बंद. बाण सर्व आतल्या बाजूस. हवा चार बाजूंनी आत गाळली जाते आणि वर स्वच्छ निघते. अर्ध्या तासात ते तयार झाले. आईने त्यावर क्रोशाचा रुमाल घालण्याचा विचार बोलून दाखविला. पंख्याचे तोंड झाकले जाईल म्हणून तो विचार रहित झाला. ते दिवस तिने फवाऱ्याच्या नेहमीच्या मात्रेवर काढले. पहाटे तीन वाजता आम्ही सवयीने जागे होत असू आणि भिंतीपलीकडे पंख्याची घरघर आणि तिचे घोरणे ऐकत पडून राहत असू.

जुलैच्या आरंभी तळघरातील गाळणी बाहेर काढली. मार्चमध्ये ती दुधासारखी होती. आता घड्यांच्या टोकांवर राखाडी रंग होता आणि हात लावला तर बोटाला काजळीसारखे काही लागे. एरव्ही सहा महिने चालणारी गाळणी चौथ्या महिन्यातच बदलली.

या साऱ्याचे श्रेय एकट्या गाळणीला देणे योग्य होणार नाही. औषधे बदलली होती, फवारा नीट घेतला जात होता, धुराडे बदलले होते, हिवाळाही सरला होता. शिवाय घरातील बरीचशी धूळ हवेत नसतेच. जड कण जमिनीवर, गालिच्यात, गाद्यांत बसतात आणि तळघरापर्यंत पोहोचतच नाहीत. तेथे झाडू, ओले फडके आणि गरम पाण्यात धुतलेल्या चादरी यांनाच पर्याय नाही. हिवाळ्यात हवा कोरडी म्हणून आई ऊब येणाऱ्या जाळीवर ओला पंचा वाळत घाली, तोही आम्ही बेतानेच चालू ठेवला. ओलावा फार वाढला की काचांवर पाणी धरते आणि दम्याला छळणारे धुळीतले सूक्ष्म किडे पन्नास टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत जोमाने वाढतात. एवढे मात्र खरे की त्यानंतरच्या हिवाळ्यात बंधूंनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

गाळणी बदलण्याचे खाते आता आईकडे आहे. नवी बसविताना ती पुठ्ठ्याच्या कडेवर पेनाने दिवस लिहिते. पहिलीवर 'संत जोसेफ यांचा सण' असे होते, एकीवर 'मृतांचा दिवस'. तारीख का लिहीत नाही, असे नातवाने विचारले तेव्हा ती म्हणाली, तारखा मला आठवत नाहीत, सण आठवतात. मळकी दिसताच फेकण्याची घाई ती करीत नाही, आणि ते योग्यच आहे. थोडी धूळ धरलेली गाळणी कण अधिकच पकडते. नड येते ती अडथळा वाढल्यावर. ज्या गाळण्यांच्या तंतूंना विद्युतभार दिलेला असतो त्यांचा भार वापराने उतरतो, म्हणून मुदत उलटल्यावर मात्र ती दयामाया दाखवीत नाही.

गेल्या वर्षी बंधूंनी वसईच्या घरात भिंतीवरचे एअर कंडिशनर बसविले. आजूबाजूला इमारतींची कामे चालू आहेत, रेती-सिमेंटची धूळ घरात येते. तेव्हा या यंत्राला मर्व्ह १३ बसेल काय, असे त्यांनी विचारले. बसणार नाही. त्यातली प्लास्टिकची जाळी यंत्राच्या रक्षणासाठी असते. बारीक कण तिच्यातून जातात आणि तिच्यावर जाड कापड चढविले तर कॉइलवर बर्फ धरेल. तेथे खोलीत वेगळे शुद्धीकरण यंत्र ठेवावे किंवा आमच्यासारखे खोके करावे. आणि ही यंत्रे बहुधा बाहेरची हवा आत घेतच नाहीत, हेही आम्ही कळविले. आईने दूरध्वनी हातात घेऊन आपले सांगणे वेगळे सांगितले: जाळी पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायची, सावलीत वाळवायची, पहाटे बांधकाम सुरू होण्याआधी तासभर दोन्ही दारे उघडी टाकायची, आणि माळ्यावर तिचा जुना चौकोनी पंखा आहे तो कोणाला देऊन टाकू नका.